तीन ते चार

मामा शेजारच्या कुठल्याही घरी पहिल्यांदा गेले की वाटीभर पाणी मागत. "वयनीनू, वाटीभर पाणी देवा. पिऊक नको, बघूक व्हया." घरच्या बाईला काही उलगडायच्या आत ते ती वाटी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि कमरेत वाकून पाण्याकडे पाहत राहत. बाहेर आमच्या साइटवर खडक फोडायचे मशीन चालू असे. पाणी नुसते शहारले तर ते मान डोलावत. पाण्यावर वर्तुळे उठून काठाला लागली, तर वाटी तशीच ठेवून जिना उतरत आणि मशीनवाल्याला दुसऱ्या कोपऱ्यात पिटाळत.

माझ्या मोबाइलमध्ये आवाज मोजण्याची सोय होती. मी ती त्यांना एकदा दाखवली. त्यांनी आकड्याकडे पाहिले आणि विचारले, "ह्या कोणाच्या घरातला?" मी म्हणालो, "इथलाच, गेटवरचा." "गेटवर कोण ऱ्हवता?" त्यांनी विचारले आणि वाटी आणायला गेले.

गोष्ट मुलुंड पूर्वेची आहे. तीन जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी बावीस मजल्यांची एक उभी करायची होती. मी त्या कामावरचा इंजिनिअर, आणि मामा सुपरवायझर. म्हणजे कागदावर मी त्यांचा साहेब. त्यांचे वय तेव्हा साठीच्या पुढे एक-दोन वर्षे असेल. कांजूरमार्गहून येत, सकाळी साडेसातला हजर असत. सगळी साइट त्यांना मामा म्हणे, आणि मालद्याहून आलेले सळईवाले मामाजी. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा निम्मा. तरुणपणी चार वर्षे ते परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. गिरणी बंद पडली, नोकरी गेली, पण साच्यांनी कानांत जे करून ठेवले होते ते राहिले.

एका बहिऱ्या माणसाला आवाजाची इतकी काळजी का, हा प्रश्न आम्हा सगळ्यांना पडे. मी तो एकदा विचारलाही. त्यांनी डबा उघडता उघडता उत्तर दिले. "मिलात आमका कोणी इचारल्यान नाय, कान दुखतत काय म्हणान. मी इचारतंय, एवढाच." आणि माशाचा काटा काढण्यात गुंतले.

विचारण्याचे हे काम त्यांनी फार मनावर घेतले होते. काम सुरू होण्याआधी ते आजूबाजूच्या चारही इमारतींत दारोदार फिरले. शाळकरी मुलांची असते तशी एक वही काखेत होती. कोणाकडे तान्हे मूल आहे आणि ते कधी झोपते, कोणाची बारावी आहे, पहिल्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून आली की किती वाजेपर्यंत झोपते, असे सारे त्या वहीत गोल गोल अक्षरात उतरले होते. मग त्यांनी गेटवर एक फळा टांगला. रोज सकाळी त्यावर खडूने लिहीत: आज दहा ते साडेबारा ब्रेकर, दोन ते तीन सळया कापणे, पाचनंतर फक्त हाताची कामे. खाली स्वतःची सही. आमचे कंत्राटदार पहिल्यांदा तो फळा पाहून म्हणाले, "साइट आहे का शाळा?" मामांनी ऐकले नाही, किंवा ऐकले नसल्याचे दाखवले. बहिरेपणाचा असा उपयोग ते फार तब्येतीने करत.

आमच्या धंद्यात परांची सोडताना लोखंडी पाइप वरून खाली टाकतात. टाकणे सोपे असते, वेळ वाचतो, आणि त्या खणखणाटाने आख्खी गल्ली दचकते. मामांच्या साइटवर पाइप टाकायला बंदी होती. वरपासून खालपर्यंत माणसे उभी राहत आणि पाइप एका हातातून दुसऱ्या हातात उतरत येई. "फेंकने का नहीं, देने का," हे त्यांचे हिंदी वाक्य मालद्याच्या पोरांना तोंडपाठ होते. सळया जिथे उतरत तिथे त्यांनी जुन्या टायरचे तुकडे अंथरले होते. जनरेटरचे तोंड नाल्याकडे फिरवून तीन बाजूंनी वाळूच्या गोण्या रचल्या होत्या. शिट्टी कोणी वाजवायची नाही. सारे हातांच्या खुणांनी चाले. दुपारी मी कधी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उभा राहून खाली पाही, तेव्हा तीस-चाळीस माणसे एकमेकांना हात करत, माना हलवत मुकाट काम करताना दिसत, आणि आपण काही वेगळ्याच ठिकाणी आलो आहोत असे वाटे.

या सगळ्या शांततेत एकच माणूस गरजत असे, तो म्हणजे मामा स्वतः. स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नसल्यामुळे ते साधे "चुना आणा" म्हणाले तरी समोरच्या इमारतीत ऐकू जाई. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई एकदा गॅलरीतून मला म्हणाल्या, "साहेब, मशीन बंद केलंत ते बरं झालं. आता तेवढं ह्या मामांचं पण बटण कुठे आहे ते बघा ना." मी हे मामांना सांगितले. ते मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर शेवटची ओळ वाढली होती: दिवसभर मुकादमाचा आवाज. माफी असावी.

मी त्यांना मानत होतो, असे आज लिहिताना हात अडखळतो. मानत होतो हे खरे. पण त्यांच्या पद्धती मला त्यांची हौस वाटत. वेळापत्रक बिघडले नाही तोपर्यंत मी ती हौस पुरवत होतो. आमच्या कामाला परवानगीच्या वेळा होत्या, त्या आम्ही पाळत होतो, आणि मी समजत होतो की माणसाने एवढे केले की त्याचे कर्तव्य संपते.

लागून असलेल्या इमारतीत, आमच्या खड्ड्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर, पहिल्या मजल्यावर एक जोडपे राहत असे. काका विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले; काकू कधी काळी बालवाडी चालवत. काम सुरू होण्याच्या दोन महिने आधी काकांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. पाय हळूहळू वळणावर येत होता. वाचेसाठी एक थेरपिस्ट मुलगी रोज दुपारी तीन ते चार घरी येई. ती त्यांच्याकडून अ, आ, ई असे स्वर काढून घेई. आवाज इतका बारीक निघे की तिला कान ओठांजवळ न्यावा लागे, आणि काकांना स्वतःलाही तो ऐकू येणे गरजेचे होते. आपले आपल्याला ऐकू आले तरच पुढचा स्वर काढायची उमेद राहते, असे ती सांगे. मामांनी वाटीचे पाणी पाहिले, हे सारे ऐकून घेतले, आणि वहीत लिहिले. त्या दिवसापासून फळ्यावर एक ओळ कायमची झाली: तीन ते चार शांतता. त्या तासात आम्ही मोजमापे घेत असू, सळया बांधत असू, चहा पीत असू. मशीन बंद. माझी हरकत नव्हती. चार-पाच महिने ते निर्वेध चालले.

भाद्रपद आला. मामा गणपतीला गावी जायचे म्हणजे जायचेच. त्यासाठी नोकरी सोडायची वेळ आली तरी त्यांनी ती सोडली असती. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली, आणि तीन ते चारच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "बाकीचा थोडा हिकडे तिकडे झाला तर चलात. ह्या नको." मी म्हणालो, "मामा, निश्चिंत जा." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि गेले.

तिसऱ्या दिवशी खड्ड्याच्या त्याच बाजूला अपेक्षेपेक्षा उंच आणि काळाकभिन्न खडक लागला. मशीनला पुढच्या आठवड्यात घाटकोपरला जायचे होते. मशीनवाल्याने तीन वाजता मशीन बंद केले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आज चालू दे." दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिले नाही. ज्या गोष्टीला पहिल्या दिवशी माझी परवानगी लागली होती तिला दुसऱ्या दिवशी ती लागली नाही, आणि ते मला सोयीचे वाटले, हे मी आज स्वतःपासून लपवत नाही.

मशीन असे चालू लागल्याच्या चौथ्या दिवशी काकू गेटवर आल्या. "साहेब, तीन ते चार बंद असतं ना? मामांनी सांगितलं होतं."

"काकू, आम्ही नियमातच आहोत," मी म्हणालो. "परवानगी संध्याकाळपर्यंतची आहे."

"नियमाचं नाही हो म्हणत मी. ते तोंड उघडतात आणि तेवढ्यात तुमचं सुरू होतं. मग मिटतात. आज चार वेळा उघडलं आणि चार वेळा मिटलं."

"दोनच दिवसांचं काम राहिलंय."

"बरं," म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. काम आणखी सहा दिवसांचे होते आणि ते मला माहीत होते.

त्याच दुपारी, साडेतीनच्या सुमारास, गावाहून मामांचा फोन आला. "सायबानू, तीन ते चार बंद आसा मा?" ते नेहमीसारखे ओरडून विचारत होते. माझ्या पाठीमागे, वीस फुटांवर, मशीन खडकावर घाव घालत होते. मला आठवते, त्या क्षणात माझ्या मनात एकच विचार आला होता: ह्यांना ऐकू येत नाही. आणि मी म्हणालो, "हो मामा. बंद आहे."

खोटे मी त्याआधीही बोललो असेन. पण समोरच्याच्या व्यंगावर भरवसा ठेवून बोललो तो एवढ्याच वेळी.

अनंत चतुर्दशी झाल्यावर मामा परतले ते खाजे आणि काजूगर घेऊन. साइटवर सगळ्यांना वाटून झाल्यावर एक पुडी घेऊन काकूंकडे गेले. अर्ध्या तासाने खाली आले तेव्हा पुडी त्यांच्या हातातच होती. काय झाले ते मला दुसऱ्या दिवशी काकूंकडून कळले, कारण गेटवरून जाताना त्याच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, मी उगाच तुम्हाला बोलले. मामा म्हणाले, चूक त्यांची होती. वेळ तेच चुकीची लिहून गेले होते. तुम्हाला माहीतच नव्हतं."

ती वही तेव्हाही माझ्या टेबलावर होती. ‘काकू, तसे नाही’ एवढेच मला म्हणायचे होते. मी म्हणालो, "आता काका कसे आहेत?"

काका बोलेनासे झाले होते. थेरपिस्टने सहा दिवस प्रयत्न केला. नंतर काकांनीच तिला डाव्या हाताने ‘नको’ अशी खूण केली आणि भिंतीकडे तोंड फिरवले. घाटकोपरला जायचे लांबल्यामुळे मशीन अजून आमच्याकडेच होते आणि आता तीनला बंद होत होते, पण ती मुलगी आली तरी ते तिच्याकडे वळत नव्हते.

मामांनी त्यावर जे केले ते दुसऱ्या कोणालाही सुचले नसते. रोज तीन वाजता ते हातपाय धुऊन वर जात आणि काकांच्या समोर, भिंतीच्या बाजूला, स्टूल टाकून बसत. ज्या भिंतीकडे काका तोंड करत, त्याच भिंतीला मामा पाठ लावून बसलेले. बोलत काही नसत. नुसते काकांच्या तोंडाकडे पाहत. काकूंना आधी ते अवघड वाटले. चौथ्या-पाचव्या दिवशी मामा एकदम म्हणाले, "वयनीनू, पंखो बंद करा म्हणतत."

काकूंना वाटले, मामांनाच थंडी वाजते आहे. त्यांनी पंखा बंद केला. काकांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला.

साच्यांच्या त्या गदारोळात गिरणीतली माणसे एकमेकांच्या ओठांवरून बोलणे वाचत. चार वर्षांत मामांना ती विद्या अशी अंगवळणी पडली की पुढे चाळीस वर्षे त्यांनी जग तसेच ऐकले. काकांचा आवाज फुटत नव्हता, पण ओठ हलत होते. तोंडाची डावी बाजू पुरेशी होती. इतके दिवस ते बोलत होते आणि सगळे जण कान देऊन थांबले होते. मामांनी डोळे दिले. "मीठ कमी आसा म्हणतत." "शेजारच्याचो पेपर नको, आपलो आणा म्हणतत." "आता माका म्हणतत, तू जरा हळू बोल." काकू हे सांगताना हसत असत, आणि हसता हसता पदराने डोळे टिपत.

थेरपिस्ट पुन्हा रोज येऊ लागली. मामा तिला सांगत काय म्हणाले ते, आणि ती त्या शब्दाला आवाज लावायला शिकवी. दिवाळीच्या आधी काकांनी काकूंना नावाने हाक मारली, ती काकूंना पुढच्या खोलीत ऐकू आली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला जे सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे आहे, आणि ते तितके सुखाचे नाही.

पंखा बंद झाल्याचे मला कळले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामांना साइटवरच्या माझ्या पत्र्याच्या खोलीत बोलावले. मी जमिनीकडे पाहत बोलायला सुरुवात केली.

"सायबानू, मान वर करून बोला," मामा म्हणाले. "खाली बघान बोलल्यार माका समजना नाय."

तेव्हा मला मान वर करावी लागली आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगावे लागले, की तुम्ही फोन केलात तेव्हा मशीन चालू होते आणि मी बंद आहे म्हणालो.

"म्हायत आसा."

"कसं?"

"फोन स्पीकरवर होतो. सून वांगडा बाजूक होती. ती म्हणाली, आबा, पाठसून काय ठोकतत?"

"मग तुम्ही त्यांना तुमची चूक म्हणून का सांगितलंत?"

"तुमी सायब. तुमच्यावरचो भरवसो गेलो तर उद्या मशीन बंद म्हणान तेंका कोण सांगतलो?" मग म्हणाले, "आणि माका सांगान काय मिळतला? माझी वाचा खय गेली हा? सांगूचा तर वर जावन सांगा."

मला वर जायला तीन दिवस लागले. जिना सतरा पायऱ्यांचा आहे. रोज तीन वाजता मामा तो चढताना मी पाहत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग गेलो.

काका पलंगावर उशांना टेकून बसले होते. मामा आपल्या स्टुलावर. काकू मला पाहून पेला घेऊन पाणी आणायला वळल्या तशा मी त्यांना थांबवले. मान वर ठेवली. सांगितले की मामांनी वेळ बरोबर लिहिली होती. वही माझ्याजवळ होती. तुम्ही गेटवर आलात तेव्हा दोन दिवसांचे काम म्हणालो तेही खोटे होते. बाहेर सगळे शांत होते, त्यामुळे माझा प्रत्येक शब्द मलाच नको तितका स्पष्ट ऐकू येत होता.

काकूंनी हातातला पेला टेबलावर ठेवला. काका माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे ओठ हलले, बराच वेळ हलले.

मी मामांकडे पाहिले. चष्मा काढून मामांनी सदऱ्याने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बसा म्हणतत."

एवढे लांब बोलणे आणि एवढाच अर्थ कसा, हे मला तेव्हाही समजले. पण काकूंनी खुर्ची पुढे केली आणि मी बसलो. काका भिंतीकडे न वळता माझ्याकडे पाहत होते. असे किती वेळ बसलो कोण जाणे. मामा उठले तेव्हा चार वाजल्याचे कळले. चार म्हणजे चार; शेजाऱ्यांचा तास जसा ते कमी होऊ देत नसत तसा कामाचाही होऊ देत नसत. ते गॅलरीत गेले आणि खाली मशीनवाल्याला हाताने खूण केली. खडकावर पहिला घाव बसला. ओट्यावरची भांडी किणकिणली.

त्याच वेळी काका पुन्हा माझ्याशी बोलू लागले. मामांची पाठ आमच्याकडे होती. मी पुढे वाकलो, कान अगदी त्यांच्या ओठांजवळ नेला. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता आणि या वेळी त्यात बारीकसा आवाजही असावा. पण मला माझ्या मशीनखेरीज काही ऐकू येत नव्हते.

मी उठून गॅलरीत गेलो आणि मामांच्या शेजारी उभा राहून खाली हात आडवा केला. मशीनवाल्याने मामांकडे पाहिले. मामांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून मला दाखवले. मी हात तसाच आडवा धरून ठेवला. मशीन थांबले.

मी आत आलो, खुर्ची पलंगाला भिडवून बसलो आणि काकांना म्हणालो, "आता सांगा."